शेवंतीचा पहिला धडा

आमची शेवंती म्हैस दसऱ्यापासून फ्रेंच शिकायला जाते. आधीच सांगते, क्लास मी लावला नाही. दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर धार काढून झाली की ती घरी यायचं सोडून इंगवले मॅडमच्या क्लासखाली उभी राहायची, आणि वर माडीवर मॅडमनी प्रश्न विचारला की पोरांच्या आधी खालून उत्तर द्यायची. शेवटी मॅडमनी तिला रीतसर वर्गात घेतलं आणि वर्ग खाली पार्किंगमध्ये आणला. पोरांच्या आयांनी कुरकुर केली. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या पोरांनी तिच्याइतका गृहपाठ करून दाखवावा, मग बोला."

आमच्या ह्यांचं, म्हणजे बापूसोंचं, शिक्षणाबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण शेवंतीनं मराठी हाकेला ओ देणं बंद केलं आणि ह्यांचं पित्त खवळलं. दिवाळी तोंडावर आलेली. कोल्हापुरात पाडव्याला म्हशी सजवतात. मालक मोटरसायकलवरून पुढं निघतो, हाक मारतो, आणि म्हैस गर्दीतून त्याच्या मागं धावते. धावली तर मालकाची मान ताठ. नाही धावली तर वर्षभर कट्ट्यावर चेष्टा.

"हाकेला आली नाही तर भाऊबीजेला बाजार दाखवतो तिला," हे म्हणाले.

रेडकू होती तेव्हापासून मी तिला वाढवलंय, आणि हा बाबा बोलला की करतोच. मी ह्यांना ओढत मॅडमकडं नेलं.

"शेवंती हुशार आहे," मॅडम म्हणाल्या, "पण घरात फ्रेंचचं वातावरण नाही."

"घरात शेणाचं वातावरण आहे बाई," हे म्हणाले. "तिला मराठी कळत नाही व्हय?"

"कळतं की. पण तुम्ही तिच्याशी मराठीत काय बोलता?"

हे आठवायला लागले. 'हैक', 'सरक' आणि तिच्या आईवरून काहीबाही, यापुढं गाडी जाईना.

"तिला येतंय तरी काय?" मी विचारलं.

"बोंजूर, सिल वू प्ले आणि मेर्सी. नमस्कार, कृपा करून आणि आभारी आहे. पहिला धडा. तिच्या घरच्यांचा तो झाल्याशिवाय दुसरा घेणार नाही म्हणते."

त्या दिवसापासून हे गोठ्यात बसून पाठ करायला लागले. बोंजूर लगेच आलं. मेर्सी भिंतीकडं तोंड करून जमलं. पण सिल वू प्ले आलं की उठून शेण भरायला लागायचे. "जन्मात कुणाला विनवलं नाही," म्हणायचे. खरं आहे. मला बघायला आले होते तेव्हा ह्यांचं पहिलं वाक्य 'चहा निवलाय' असं होतं.

पाडव्याला शेवंतीची शिंगं रंगवली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. सगळी पेठ जमली. ह्यांनी गाडी फडफडवली आणि हाक दिली, "शेवंते, चल!"

ती ढिम्म.

"शेवंतेऽ!"

"बापू, आता तूच पळ तिच्या मागनं!" कोणीतरी ओरडलं आणि लोक खो खो हसले. मला रडू कोसळलं. उद्या तिचा दोर दुसऱ्याच्या हातात जाणार होता.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. गाडी बंद केली, उतरले, फेटा सारखा केला.

"बोंजूर, शेवंती."

"बोंजूर," ती म्हणाली, आणि थांबली.

ह्यांच्या कपाळावर घाम आला. "सिल वू प्ले," ओठातल्या ओठात म्हणाले.

"मागं ऐकू येत नाही!" गर्दीतून मॅडम ओरडल्या.

"सिल वू प्ले!"

शेवंती अशी सुटली की ह्यांना गाडीवर टांग टाकायलाही सवड मिळाली नाही. पेठेच्या टोकापर्यंत हे पुढं आणि ती मागं, दोघंही पायीच धावली. तिथं पोचल्यावर ह्यांनी तिच्या गळ्यात हात टाकला आणि कोणी न सांगता मेर्सी म्हटलं. आता पार्किंगमध्ये म्हशींना जागा पुरत नाही, मॅडम दुसरी तुकडी काढतायत.

भाऊबीजेला बाजाराचा विषय निघाला नाही. हे सकाळी सोप्यात बसले आणि नेहमीसारखे ओरडले, "चहा आण गं!"

मी कप भरला, बशीत ठेवला आणि दारात येऊन उभी राहिले. कप हातातच ठेवला.

हे माझ्याकडं बघत राहिले. मग गोठ्याकडं बघितलं. शेवंती रवंथ थांबवून इकडंच बघत होती.

चहावर साय धरली.

"बोंजूर," हे म्हणाले.

"बोंजूर," मी म्हटलं, आणि थांबले.