व्हायब्रेशन हाय का?

आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले गुरनुले काका एकदा चंद्रपूरच्या बाजारात प्रवासाची बॅग घ्यायले गेले. बॅग मस्त होती. चाकं गुळगुळीत, आत भरपूर कप्पे. काकाईनं चेन लावून पाह्यली, बॅग उलटी करून पाह्यली, तिच्या पोटावर तळहात ठेवला अन् दुकानदाराले विचारलं, "व्हायब्रेशन हाय का?"

दुकानदार पाहतच राह्यला. "काका, बॅग हाय ते. मिक्सर नाई."

"मंग नोको," काका म्हणे अन् चालू पडले.

शपथ सांगते, मी बाजूलेच उभी होती. तोंड कुठी लपवू असं झालं मले. पण काकाईची हे तऱ्हा जुनीच. मनगटावरचा पट्टा, पावर बँक, मानेले लावाची उशी, सामान तोलाचा छोटा काटा, प्रवासाले कामी पडणारी कोणतीही वस्तू दाखवा, पह्यला प्रश्न हाच. उशीत व्हायब्रेशन होतं म्हणून उशी घेतली. काट्यात नव्हतं म्हणून काटा वापस.

कॉलनीत कोणाले नवल नाई वाटाचं. काऊन का काकाईची सगळी नोकरी वीज केंद्राच्या टर्बाईनवर गेली. माहे बाबा बी प्लांटमध्येच हायेत, ते सांगतात, मशीनच्या बेअरिंगवर नुसता तळहात ठेवून गुरनुलेभाऊ सांगायचे, "नॉर्मल." नाईतर सांगायचे, "हे त्रास देणार हाय." मीटर मागाहून बोलायचं, काका आधी. तं रिटायर झाल्यावर माणसाची सवय थोडीच जाते, असं आम्ही धरून चाललो.

मी कॉलेजात शेवटच्या वर्षाले हाय अन् आमच्या ऊर्जानगर कॉलनीतल्या अर्ध्या काका-काकूंचं फुकटातलं सर्व्हिस सेंटर हाय. काकाईच्या फोनमधलं एकूणएक ॲप मीच टाकून देल्लेलं. नेट नसताना चालणारा नकाशा, गाडी कुठी आली ते सांगणारं, पाऊस सांगणारं. पण ज्या फोनमध्ये एवढं सगळं हाय तो फोन काका उचलत नाईत! कितीबी रिंग द्या. "बोललेलं हवेत जाते," म्हणतात, "लिहिलेलं राह्यते. मेसेज टाक."

अन् एक ॲप तं असं हाय का आपण बोललो का तेच लिहून दाखवते. काका कोणाच्या बी घरी गेले का ते सुरू करून फोन चहाच्या कपाजवळ टेकवून ठेवतात. मी विचारलं, "हे कायले हो काका?"

"तेलुगूसाठी. सिरोंच्याले जाचं हाय ना, तिकडं तेलुगूच बोलतात."

"पण आपण तं मराठीत बोलून राह्यलो."

"प्रॅक्टिस," काका म्हणे.

सिरोंच्याची गोष्ट अशी का रिटायर झाल्यावर तिथला दोन नद्याईचा संगम दाखवाले नेतो, असं काकाईनं काकूले कबूल केलं होतं. रिटायर झाले. आज निघू, उद्या निघू. एकदा खरंच निघाले तं बल्लारपुरातून वापस आले, काऊन का पावर बँकचा लाईट लाल दिसून राह्यला होता. एकदा नकाशा नीट उतरला नाई म्हणून फाटकातूनच वळले. काकू बिचाऱ्या शांत. पोळ्या लाटता लाटता गुणगुणत राह्यतात, सूर बेताचाच हाय त्याईचा, पण गुणगुणणं बंद नाई. या दिवाळीले मात्र मले म्हणाल्या, "अश्शू, यंदा हे आले तं आले. नाई तं मी एकटी एसटीत बसते. आता नाई थांबत मी."

हे कळल्यावर काकाईचं तोंड उतरलं. म्हणे, आधी ट्रायल घेऊ. प्लांटमध्ये मशीन दुरुस्त झाली का लगेच लोडवर नाई घेत, आधी नुसती फिरवून पाहतात म्हणे. तशी काकाईची ट्रायल. रेल्वेनं एकट्यानं नागभीड, अन् वापस. स्टेशन जवळ आलं का मनगटावरचा पट्टा थरथरवणारं ॲप मी लावून देल्लं. झालं काय, नागभीडच्या आधीच्या स्टेशनावर काकूचा मेसेज आला, 'डबा खाल्ला का?' पट्टा थरथरला. काका उतरले! रेल्वेच्या डब्यात आमच्याच कॉलनीतले एक भाऊ होते. ते अन् दुसरे लोक खिडकीतून बोंबलले, "ओ काका, नागभीड यायचं हाय अजून!" काकाईनं वळूनसुद्धा नाई पाह्यलं. सरळ प्लॅटफॉर्मवरून चालत गेले.

"भल्ला ताठा हाय बाप्पा गुरनुलेभाऊले," त्या भाऊनं आल्यावर सगळ्याईले सांगतलं. सगळे हसले. मी बी हसली.

तं शेवटी निघालो आम्ही. गाडी मी चालवत होती, काऊन का काका म्हणे, "मले उन्हाचा त्रास होते." काकू पुढं, काका मागं. काकूच्या पर्समध्ये बटणाएवढा ट्रॅकर, काकाईच्या मांडीवर फोन, दोन्ही मनगटाईवर पट्टे. काकू खिडकीबाहेर पाहून गुणगुणत होत्या अन् माहा जीव मुठीत. हे सगळं मीच जोडून देल्लं ना! एक बी वस्तू बिघडली तं काका म्हणन वापस, अन् काकूचा संगम गेला तो गेलाच.

आलापल्लीपर्यंत सगळं ठीक. पुढं सागवान दाट झालं अन् नेटवर्क गेलं. आरशात पाह्यलं तं काकाईचा चेहरा बदललेला. ते लिहून दाखवणारं ॲप पांढरंच्या पांढरं. काका त्याले दाबून राह्यले, फुंकून राह्यले, शर्टाले पुसून राह्यले.

"काका, ऊन लागते का तिकडून?" मी विचारलं.

"हाव."

"चहा घ्यायचा का कुठी?"

"हाव."

"का वापस फिरू?"

"हाव."

काकूनं माह्याकडं असं पाह्यलं का मी पुढं तोंडच नाई उघडलं. गाडी चालवत राह्यली. रागावले वाटते, आता वापस म्हणतीन, आता म्हणतीन.

थोड्या वेळानं पाय मोकळे कराले थांबलो. रस्त्यावर चिटपाखरू नाई. काका टायरवर तळहात ठेवून ठेवून तपासत होते, मी डिक्कीतून पाण्याची बाटली काढत होती. डिक्की लावली, पाहते तं काकू नाई!

गाडीत नाई. गाडीमागं नाई. रस्ता दोन्हीकडं रिकामा. वाघाचं जंगल ते. "काकू!" मी ओरडली. आवाज फाटला माहा.

काकाईनं फोन काढला, ट्रॅकरचं ॲप लावलं. ट्रॅकर जवळ असला तं त्याले नेटवर्क लागत नाई, हे मीच शिकवलेलं. फोन हातात थरथरला.

"जवळ हाय!" काका म्हणे. "एकदम जवळ!"

गाडीले चक्कर मारली. फोन म्हणते जवळ. गुडघे टेकून गाडीखाली पाह्यलं. फोन म्हणते जवळ. काका घामानं ओले. "जवळ हाय म्हणते ना हे! मंग कुठी हाय? अश्शू, कुठी हाय ते?"

मी पुढचं दार उघडलं. सीटवर पर्स होती.

काकाईनं त्या पर्सकडं पाह्यलं. मी त्याईले कधीच तसं नव्हतं पाह्यलं. ओठ हालत होते, आवाज नाई. मंग ते जंगलाकडं तोंड करून उभे राह्यले, फोन छातीशी घट्ट धरून.

अन् मागून, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं, काकूचा आवाज आला. "अवो! इकडं या ना! सीताफळं पाहा, केवढाली हायेत!"

मी गर्रकन वळली. काकू झुडपातून बाहेर येत होत्या, पदरात सीताफळं. पण काका नाई वळले.

"अवो! इकडं!" काकूनं आणखी जोरात हाक मारली. झाडावरचे पाखरं उडाले. काका समोरच्या झाडाईतच पाहत होते, मान इकडून तिकडं, तिकडून इकडं, डोळ्यात पाणी.

मी सांगाले तोंड उघडलं, "काका, त्या काय..." अन् थांबली. न उचललेला फोन. चहाच्या कपाजवळ टेकवलेला फोन. नागभीडच्या आधीचं ते स्टेशन, खिडकीतून बोंबलणारे लोक. हाव, हाव, हाव. एवढी वर्षं त्या मशीनच्या आवाजात उभा राह्यलेला माणूस. अन् आम्ही त्याले ताठा म्हणून हसलो.

काकूनं तिसरी हाक नाई मारली. हळूच रस्ता ओलांडला, मागून आल्या अन् काकाईच्या पाठीवर हात ठेवला.

काका दचकून वळले. आधी नुसतं पाह्यलं, मंग भडकले. "कुठी होती व? सांगून जाता नाई येत? एखादा आवाज तं द्यायचा!"

काकूनं माह्याकडं पाह्यलं. मंग काकाईकडं पूर्ण तोंड करून, हळूहळू म्हणाल्या, "नाई देल्ला मी आवाज. चुकलं माहं."

"देत जात जा," काका म्हणे.

"हाव. पुढच्या बारीले देईन."

गाडीत बसताना मी काहीतरी बोलणार होती, काकूनं डोळ्यानंच चूप केलं मले. मी स्टेअरिंग धरून बसली. आता वापस म्हणतीन, माहं मन म्हणे. मागं काकूनं सीताफळ फोडलं, अर्धं काकाईच्या हातात ठेवलं. या बारीले काकू मागंच बसल्या होत्या. काकाईनं खाल्लं, बिया रुमालात बांधल्या, अन् म्हणाले, "चल पोरी. पुढं चल."

सिरोंच्याले पोचलो तं ऊन उतरत होतं. दोन नद्याईचं पाणी समोर, पलीकडं तेलंगणाची झाडं. नेटवर्क आलं अन् काकाईचे दोन्ही पट्टे एकदम सुरू झाले. माह्या आईचे मेसेज, पोचले का, जेवले का. काकाईनं दोन्ही पट्टे सोडले अन् खिशात टाकले.

काकू घाटाच्या पायरीवर बसल्या होत्या. पाण्याकडं पाहून गुणगुणत होत्या, तोच बेताचा सूर. काका बाजूले बसले. मंग त्याईनं काकूच्या पाठीवर, दोन खांद्याच्या मधात, तळहात ठेवला, बेअरिंगवर ठेवावा तसा, अन् डोळे मिटले. काकू थांबल्या नाई. उलट जराशा जोरानं गुणगुणाले लागल्या.

काकाईनं डोळे उघडले तं मी समोर जाऊन उभी राह्यली, माहं तोंड त्याईले नीट दिसन अशी.

"काका, व्हायब्रेशन हाय का?"

"हाव," काका म्हणे. "नॉर्मल." अन् हात तिथीच राहू देल्ला.