आठ हात पदपथाची हकीकत

श्रीचतुष्पथनिवासिनी समर्थ. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघमासीं, एके नगरींच्या एके पेठेंत जो अपूर्व प्रसंग जाहला, तो पाहणारांनीं सांगितला तैसा लिहिला असे.

पेठेंत आठ हात रुंद पदपथ, आणि पदपथास लागोन दामोदर पुजारी यांची मद्यशाळा, जीस तरणे लोक पब म्हणत. पुजारीशेट हिंमतीचे आणि जिभेचे गोड. त्यांनीं वॉर्डाचे साहेबांस अर्ज गुजरला कीं दुकानापुढें पदपथावर टेबलें मांडूं, वर छत्र्या लावूं, लोक उघड्या हवेंत खातील पितील. ही खबर पेठेंत फुटली आणि एकच कल्होळ जाहला. तेव्हां कुमुदिनीबाई आठल्ये, वय अडुसष्ट, शाळेंत तीस वर्षें भूगोल शिकवोन निवृत्त जाहलेल्या, त्यांनीं कंबर बांधली. बाईंचे यजमान कैलासवासी, घरीं थोरल्या नणंद मंदाकिनीबाई. दोन वर्षांमागें अर्धांगवायूनें त्यांचे पाय गेले, तेव्हांपासोन चाकांच्या खुर्चीत बसोन खिडकींतून आभाळ पाहात. बाईंच्या पोटांत एकच काळजी कीं टेबलें मांडलीं तर वन्संची खुर्ची वाटेवर कधींच निघणें नाहीं. मग बाई घरोघर हिंडल्या, जिने चढल्या, एकशें बारा सह्या जमविल्या, आणि कधीं एक न होणारी पेठ बाईंच्या निशाणाखालीं एक जाहली.

माघ वद्य तृतीयेस वॉर्डाचे साहेब खाशा स्वारीनें जागेवर आले आणि पदपथावरच दरबार भरला. कोणी बोलले गोंगाट होईल, कोणी बोलले पोरीबाळींनीं जावें कोठून, आणि पलीकडून तरणी मंडळी बोलली कीं चार माणसें बसलीं तर रस्ता जागता राहील. शब्दास शब्द भिडला. मग बाई उठल्या. बाई बोलल्या, "साहेब, पदपथ चालणाऱ्यांचा. टेबलं मांडलीत तर आमच्या वन्संच्या खुर्चीनं जायचं कुठून?" टाळ्यांचा कडकडाट जाहला. तो विरल्यावर पुजारीशेट हात जोडोन बोलले, "बाई, एक विचारतो, राग नसावा. आज तरी त्यांची खुर्ची इथून जाते का हो? टेबलं तर मी अजून मांडलेलीच नाहीत."

हें ऐकोन बाईंच्या तोंडचें पाणी पळालें. मान वळवोन पाहत्या जाहल्या तों मद्यशाळेपुढें रहिवाशांच्याच स्कूटरांची छावणी, तीपुढें कुंड्यांची फौज, आणि खुद्द बाईंच्या फाटकाशेजारीं दगडी कट्टा, पदपथांत अडीच हात घुसलेला. तो यजमानांनीं हौसेनें बांधविला होता, आणि रोज संध्याकाळीं तेथें बसोन ते पेठेशीं गप्पा करीत. बाई तो कट्टा नित्य पाहात, परंतु दिसला त्या दिवशीं. शेजारचे फणसळकर समजूत घालूं लागले, "अहो, त्याचं काय एवढं? जुना कट्टा आहे, त्याला कोण हात लावतो?"

"जुना आहे म्हणूनच माझ्या नजरेत आला नाही, फणसळकर," ऐसें बोलोन बाई आंत गेल्या आणि बागेंतील पहार घेवोन आल्या. यजमान जेथें बसत तेथें दगड घांसोन गुळगुळीत जाहला होता. बाईंनीं त्यावर क्षणभर तळवा ठेविला, मग पदर खोंचला आणि तेथेंच पहिला घाव घातला. सभा थरारली. साहेबांच्या हातींची फाईल खालीं पडली तरी कोणी उचलली नाहीं. पुजारीशेट धांवले, "द्या इकडे, बाई, लागेल तुम्हाला!" बाई बोलल्या, "पहिला माझा. आता तुम्ही घाला." मग प्रतिपक्षाच्या हातीं पहार गेली, आणि शेटजी घामाघूम होवोन कट्टा फोडूं लागले, आणि तें पाहोन फणसळकरांनीं मुकाट आपली स्कूटर काढली, आणि मग एकामागें एक स्कूटरा निघाल्या, कुंड्या उचलल्या. दिवस मावळतां पदपथ या टोंकापासोन त्या टोंकापर्यंत उघडा पडला. चाळीस चाळीस वर्षें राहिलेले लोक उभे राहोन पाहूं लागले कीं एवढी थोर वाट आपल्या दारांत होती!

मग साहेबांनीं फीत लावोन मापिलें आणि निवाडा दिला, "पाच हात चालणाऱ्यांस मोकळे सोडून बाकीच्यात टेबलं बसतात, असा नियम आहे. सकाळी जागा नव्हती, आता झाली. अर्ज मंजूर." पेठेवर वीज पडावी तैसें जाहलें. लोक बाईंवर उसळले, "बाई, तुम्हीच घात केलात!" बाईंच्या डोळ्यांस पाणी आलें. कट्टा गेला आणि लढाईही गेली. परंतु डोळे पुसोन बोलल्या, "आठातून तीन गेले, पाच राहिले. काल मला एकही नव्हता."

आठवे दिवशीं चार वाजतां फाटक उघडलें आणि मंदाकिनीबाईंची स्वारी निघाली. अंगावर जरीकांठी हिरवें लुगडें, मागें बाई खुर्ची ढकलीत. मद्यशाळेपुढें छत्र्या लागल्या होत्या, गिऱ्हाईक बसलें होतें. खुर्ची येतां पाहोन एक उठला, मग दुसरा उठला, आणि पेले टेबलीं ठेवोन सारी पंगत उभी राहिली, जैसें छत्रपती चालले असतां दरबारानें उभें राहावें. तों स्वारीनें आज्ञा केली, "कुमुद, थांब. हा भज्यांचा वास कुठून गं?"

"वन्सं, पुढं चला. ही ती मद्यशाळा."

"असू दे. दोन वर्षांत गरम भजं खाल्लं नाही मी. बसू दे ना इथं जरा."

पेठेच्या खिडक्या माणसांनीं भरल्या. एकशें बारा सह्यांची धनीण भर पदपथावर उभी, पाऊल पुढें ना मागें. पुजारीशेटांनीं एक खुर्ची काढोन चाकांस जागा करविली आणि अदबीनें बाजूस जाहले. मग बाईंनीं दुसरी खुर्ची ओढली आणि बसल्या. बोलल्या, "दोन प्लेट कांदाभजी. आणि चहा मिळेल का?"

शेटजी बोलले, "बाई, आमच्याकडे चहा नसतो. बसा, आज होईल."

येणेंप्रमाणें त्या पेठेंत तह जाहला. टेबलें राहिलीं, वाट राहिली, कट्टा राहिला नाहीं. हकीकत पुरी.