साळूबाईचं पाळणाघर

एका जंगलात, बाळांनो, साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. नवरा साळोबा आणि पदरात तीन पोरं. पदर म्हणजे काटेच हो. हातभर लांब. त्यातूनच पोरं वाढवली बिचारीने.

एकदा साळोबा दरडीवरून घसरला आणि पाय मोडून बसला. आता कंद कोण खणणार? मग साळूबाईने बिळातच पाळणाघर मांडलं. हरिणी, सशीण, मुंगशीण सकाळी पोरं सोडून चरायला जायच्या आणि परतताना एकेक कंद आणायच्या. पोर रडलं की साळूबाई शेपटीचे काटे खुळखुळवायची. पोर लगेच गप्प.

झालं, राजाचा हुकूम सुटला. परवान्याशिवाय पाळणाघर नाही. तपासायला आले रानडुक्करसाहेब, चिखलात लोळून थेट कामावर.

"आधी स्वच्छता," म्हणत साहेब चारी पायांनी आत शिरले. "हा चिखल कसला?"

"आत्ताच आलाय, साहेब."

"बाहेर पडायच्या वाटा किती?"

"तीन."

"नियमात दोन आहेत. एक बुजवा. आणि धारदार वस्तू मुलांपासून दहा हात लांब ठेवा."

"त्या माझ्या पाठीवर आहेत, साहेब."

"मग पाठ लांब ठेवा."

साळूबाईने साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. "आणि हे तुमचे सुळे?"

"हे सरकारी आहेत," साहेब म्हणाले. "आठ दिवसांनी येतो. इथे कुणाला एक जरी इजा झाली, तर पाळणाघर कायमचं बंद."

साळूबाई डोक्याला हात लावून बसली. पाळणाघर गेलं, की कंद गेले.

"इतकी वर्षं मी तुझ्याजवळ बसतोय," साळोबा म्हणाला, "मेलो का?"

"थोडक्यात वाचलात."

आणि तेवढ्यात तिला सुचलं. तिने पोरांना पिकली बोरं आणायला धाडलं. एक बोर काट्याच्या टोकाला, एक तोंडात, असं करत पोरांनी दोन दिवसांत तिची पाठ मढवली. चालायला लागली, की बोरीचं झाड निघालंय असं वाटायचं.

नवव्या दिवशी साहेब आले. पाठ पाहिली. नाक फुरफुरलं.

"ही नीट बसलीत का, ते तपासावं लागेल," म्हणाले आणि एक बोर खाल्लं. मग शेजारचं तपासलं. मग त्याच्या शेजारचं. साहेब मोठे कामसू, बरं का. चाळिसाव्या बोराला काटा नाकात घुसला आणि साहेब असे किंचाळले, की झोपलेली सगळी पोरं उठून टाळ्या वाजवायला लागली.

"अगं बाई, इजा झाली," साळूबाई म्हणाली. "आता कागदावर लिहायला हवं. कुणाला झाली, कशाने झाली, काय करताना झाली."

साहेबांनी तिरळ्या डोळ्यांनी काट्याकडे पाहिलं. 'काय करताना' पाशी त्यांचं घोडं अडलं.

"कसली इजा? मला काही दिसत नाही."

"नाकावरच आहे की."

"नाक माझं खासगी आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी परवान्यावर चिखलाचा पाय उमटवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांची मंडळी स्वतःची सात पिल्लं घेऊन दारात हजर. "ह्यांनीच सांगितलं, इथं काळजी नाही," म्हणाली. सात पिल्लांचे सात कंद रोज यायला लागले. साळूबाईची पोरं दोन वेळा पोटभर जेवायला लागली आणि साळोबा तर इतका सुटला, की उरलेल्या दोन वाटांपैकी एकीतूनच त्याला बाहेर पडता येई.

तात्पर्य : मुलांच्या सुरक्षेसाठी नियम कडक असावेत आणि तपासनीस भुकेला.