गेंड्याचं शिंग

कवळीवाल्यांनी बत्तीस वर्षांत गावभरच्या तोंडांत दात बसवले होते, पण सख्ख्या बहिणीच्या तोंडात एकही नाही. ताईचे वरचे तीन दात पडून चार वर्षं झाली होती. ती एका बाजूने चावायची, हसताना तोंडावर हात धरायची, पण भावाकडे माप द्यायला तयार नव्हती. "लहानपणी माझी एकूण एक वस्तू मोडलीस," ती म्हणायची. "तोंड तेवढं शिल्लक आहे." हे ती गमतीने म्हणत नसे, आणि कवळीवाल्यांनाही ते कधी गमतीचं वाटलं नाही. आपल्या हातावर जगाचा विश्वास आहे आणि ताईचा नाही, हे त्यांचं जुनं दुखणं होतं.

म्हणूनच त्या सोमवारी ताई त्यांच्या कारखान्यात आली आणि तिने एक काडेपेटी त्यांच्या हातात ठेवली, तेव्हा ते उठून उभेच राहिले. पेटीत कापसावर प्लॅस्टिकचा गेंडा होता, अंगठ्याच्या नखाएवढा. पन्नास वर्षांपूर्वी दंतमंजनाच्या डब्यातून असे प्राणी बक्षीस मिळत. यांच्या वाट्याला आलेल्या गेंड्याला शिंगच नव्हतं. "डुक्कर आहे ते," असं म्हणून बारक्याने, म्हणजे आजच्या कवळीवाल्यांनी, तेव्हा ताईला दोन दिवस रडवलं होतं. शेवटी आईचा मार चुकवण्यासाठी कबूल केलं होतं, "मोठा झालो की बसवून देईन शिंग."

"पेपरात आलंय," ताई म्हणाली. "त्या डब्यांमधला एक गेंडा आता फार दुर्मिळ झालाय म्हणे. गुरुवारी जुन्या खेळण्यांची किंमत सांगणारे कुणी येणार आहेत. पैसे आले तर बाल्कनी बंद करून मला एक खोली काढायचीय. घरी नात दिसेल ते तोंडात घालते, म्हणून तीन दिवस तुझ्याकडे ठेवतेय. हात लावू नकोस, बारक्या."

"नाही लावणार."

हा निश्चय मंगळवारी दुपारपर्यंत टिकला. मग कवळीवाल्यांच्या मनात आलं, की मोडकी वस्तू घेऊन गेल्यावर माणूस किंमत काय करणार? शिवाय दिलेला शब्द पन्नास वर्षं तसाच पडून होता. त्यांनी दातांच्या रंगांची पट्टी काढून गेंड्याच्या अंगाशी लावून पाहिली. जन्मभर सिगारेट ओढणाऱ्याच्या सुळ्याचा रंग तंतोतंत जुळला. एका मुख्याध्यापकांची कवळी त्या दिवशी तशीच राहिली. संध्याकाळी भिंगाखाली धरल्यावर जोड कुठे आहे, ते त्यांचं त्यांनाच सापडेना.

गुरुवारी ताई भावाला बरोबर घेऊन निघाली, पण वाटेत तिने पेटी उघडून पाहिली नाही. एकदा विश्वास टाकलाय तर पुरता टाकायचा, असं तिने ठरवलं होतं. किंमत सांगणारे गृहस्थ पांढरे हातमोजे घालून बसले होते. त्यांनी पेटी उघडली. ताईने शिंग पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. कवळीवाले शाबासकीची वाट पाहत होते.

"चांगला आहे," गृहस्थ म्हणाले. "चहाचे पैसे सुटतील."

"पेपरात तर दुर्मिळ म्हटलंय!"

"तो बिनशिंगाचा, बाई. सुरुवातीला साचा बिघडला होता, तेव्हा थोडे तसे निघाले. आजवर चारच सापडलेत. तसा असता तर..." त्यांनी कागदावर आकडा लिहून कागद फिरवला. त्यात दोन खोल्या निघाल्या असत्या.

ताईने कागद पालथा घातला.

"शिंग मी बसवलंय," कवळीवाले म्हणाले. "परवा. कवळीच्या मटेरियलचं."

गृहस्थ थकल्यासारखे हसले. तरी त्यांनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं, सुईचं टोक फिरवून पाहिलं. "माझं आयुष्य यात गेलंय, साहेब. जोड असता तर दिसला असता. शिंग मूळचंच आहे."

"अहो, जोड आहे!"

"दाखवा."

कवळीवाल्यांनी भिंग घेतलं. मनापासून शोधलं. "नाही दिसत," त्यांनी मान्य केलं. त्या क्षणी त्यांना जो आनंद झाला, त्याची त्यांना भयंकर लाज वाटली, आणि ते जमिनीकडे बघत राहिले.

"उपटून दाखव," ताई दातओठ खात म्हणाली.

"उपटलंत तर गेंडा मोडका होईल आणि चहाचे पैसेही जातील," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

बाहेर पायऱ्यांवर दोघं बसली. कवळीवाले मान खाली घालून बोलणी खायला तयार होते.

"एकच गोष्ट सांगितली होती तुला."

"हो."

"हात लावू नकोस म्हटलं होतं."

"हो, ताई."

ताईने गेंडा तळहातावर घेतला आणि शिंगावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा उलट्या बाजूने. "शिंग पाहिजे म्हणून रडले मात्र मीच होते," ती हळूच म्हणाली. नंतर बराच वेळ तिची जीभ ओठाआड, पडलेल्या दातांच्या जागी फिरत होती.

"माप द्यायला सकाळी येऊ, की दुपारी?"

"सकाळी," कवळीवाले म्हणाले. "उजेड चांगला असतो."

"येते." ताईने पेटी पर्समध्ये टाकली आणि ती उठली. "बाल्कनीचं माझं मी बघेन. तिला हात लावू नकोस."