पंढरीनाथकाकांचा हलका डबा

मी उत्तम चुरी. मोरव्यापासून घोडबंदरपर्यंत माझ्याइतका तल्लख गुप्तहेर दुसरा नाही. पहिलाही नाही, असं माझी बायको सुचेता म्हणते. तिला मी सहायक नेमलंय, त्याचा हा सूड.

१९९३चा मे महिना. सकाळी आठलाच वरच्या मजल्यावरचे पंढरीनाथकाका धापा टाकत आले. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. भाईंदरच्या अरुंद रस्त्यांवरून धावेल अशी छोटी, हलकी रूळगाडी हवी, हे वेड त्यांनी तीन वर्षं जपलं होतं. बिल्डिंगच्या आवारात फाटकापर्यंत पन्नास फूट रूळ टाकून त्यावर पायडलवर चालणारा, बांबूचा दोन माणसांचा डबा त्यांनी स्वतः बसवला होता.

"उत्तमराव, डबा गेला! दहाला नगरपरिषदेचे इंजिनियर बघायला येतायत. आज नाही दाखवला तर परत कोण येतंय?" काका म्हणाले.

मी भिंग काढलं. रूळ शाबूत. शेजारी अनवाणी पावलांचे ठसे.

"चोर चौघे होते," मी जाहीर केलं.

"ठसे तर एकाचेच आहेत," सुचेता म्हणाली.

"बाकीचे तिघे त्याच्या खांद्यावर. टोळी सराईत आहे."

"मग डबा कोणाच्या खांद्यावर?"

एवढ्यात मला रुळावर माशाचा खवला सापडला, म्हणून मी त्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकलो नाही. खवला म्हणजे खाडी, खाडी म्हणजे होडी! काकांना रिक्षात घालून मी राईच्या खाडीवर नेलं. तिथे तपास खोलवर गेला. गुडघ्यापर्यंत. चिखलातून मला दोन कोळ्यांनी ओढून काढलं.

परतलो तेव्हा दहा वाजून गेले होते. इंजिनियरसाहेब फाटकात उभे.

"डबा नाही, तर मी काय नुसते रूळ बघू?" म्हणत ते निघाले. काका हात जोडून त्यांच्या मागे गेले.

सुचेता फाटकाशी मासळीची टोपली घेऊन बसणाऱ्या सरूबाईकडे वळली. "सरूबाई, काकांचा डबा पाहिलात का हो?"

"पायला म्हंजे? मीच ठेवला ना पान्याच्या टाकीच्या मागं. माज्या बसायच्या जाग्यावर व्हता."

साहेब थबकले. "एकटीने उचलला?"

"मंग? वजन हाय कुठं त्याला?"

सरूबाई टाकीमागे गेली आणि डबा डोक्यावर घेऊन आली.

साहेबांनी वही उघडली. "हलक्या गाडीचे कागद खूप पाहिले. डोक्यावरून आलेली ही पहिलीच. काका, पुढच्या सभेत मांडतो मी हे."

"चोर अनवाणी होता, हे मी ओळखलं होतं," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

सरूबाईने डबा रुळावर ठेवला आणि टोपलीसकट आत बसली. साहेब शेजारी बसून पायडल मारू लागले. डबा सुरसुर निघाला. काका डोळे पुसत बाजूने धावत होते.

आवाराच्या आतल्या टोकाला पोचल्यावर साहेब म्हणाले, "बाई, उतरा आता."

"उतरते कशाला? परत फिरव. गिऱ्हाईक फाटकावर उभं हाय."

साहेबांनी मुकाट्याने उलटं पायडल मारायला सुरुवात केली.