प्रश्न क्रमांक नऊ

मूल जगावं असं सर्वांनाच वाटतं. ते ठरलेल्या नमुन्यात जगावं, एवढीच अपेक्षा असते. म्हणून स्वतःच्याच जिवावर उठलेल्या किशोरवयीन मुलांशी कसं बोलावं, याची बाहेरून आलेली पुस्तिका आपल्या संस्कृतीला साजेशी करून घेण्यासाठी सात जणांची समिती नेमली गेली. त्यांत मुलांशी रोज बोलणाऱ्या एकट्या समुपदेशक बाई. त्यांना टिपणं काढायला बसवलं होतं.

समितीने कसून काम केलं. 'निराशा' हा शब्द निराशाजनक वाटल्याने त्या जागी 'थकवा' आला. गुप्ततेचं कलम गळालं (आपल्याकडे घरच्यांपासून लपवण्यासारखं काही नसतं). मुलाच्या वतीने उत्तरं वडिलांनीच द्यावीत, हे एकमताने ठरलं. राहता राहिला प्रश्न क्रमांक नऊ : 'तुला मरून जावंसं वाटतं का?' चार बैठकांनंतर अध्यक्षांनी त्याचं रूपांतर केलं : 'जेवण वेळेवर होतं ना?'

पहिली आली ती सोळा वर्षांची एक मुलगी. वहीच्या शेवटच्या पानावर तिने सगळ्यांचा निरोप घेतला होता आणि वही वर्गशिक्षिकेच्या हाती लागली होती. वडिलांनी सहा मिनिटांत पुस्तिकेतला फॉर्म भरला. थकवा : नाही. जेवण : वेळेवर. धोका : शून्य टक्के. मुलगी शेजारी बसून बाहीचा धागा ओढत होती.

बाईंनी फॉर्म दुमडला (दुमडण्यास मनाई आहे) आणि वडिलांना जरा बाहेर बसायला सांगितलं.

"तुला मरून जावंसं वाटतं का गं?"

मुलीने बाहीचा धागा सोडला. "हो. पण असं विचारलंत म्हणून तुम्हाला कोणी रागावेल."

"रागावू दे. कधीपासून वाटतंय?"

त्या दोघी दोन तास बोलत होत्या. मग बाईंनी विचारलं, "बाबांना तू सांगतेस की मी?"

"तुम्ही सांगा. मी इथेच बसते."

वडिलांनी ऐकलं. "पण ती जेवते की हो," एवढंच म्हणाले. मुलीने पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. घरी तिच्याजवळ सतत कोणीतरी राहील, हेही ठरलं.

आता ती दर मंगळवारी येते. कधी बोलते, कधी तोंड फुगवून बसते. बाईंकडून 'नमुन्याबाहेर संभाषण' केल्याबद्दल खुलासा मागण्यात आला आहे. अहवालात मात्र यशाचं प्रमाण शंभर टक्के आहे (मुली : एक).

समितीत एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही. 'आमच्या घरी तसलं काही नाही' हे ठामपणे सांगता आलं की पुरे. आपलं नाव सुचवण्यात आलं आहे. सुचवणाऱ्याचं वय सोळा, पत्ता आपल्याच घरचा.