निवांतपणाचा नवस

“गावाबाहेर गोवऱ्यांचा धूर निघाला का पंगत बसतेच, शामला. तिथं चूल पेटवू नोको. घरून दशम्या ने अन् खाऊन ये,” पोळ्या लाटता लाटता सासूबाईंनी बजावलं होतं.

शामलाने “हो आई” म्हटलं आणि ते तिथल्या तिथे सोडून दिलं. बी.ए.ला भूगोल घेतलेल्या बाईने सहलीला निघताना वाघ, विंचू, साप, खोल पाणी आणि पोरीचं पडसं यांची काळजी करायची असते. ती सगळी शामला मनापासून करत होती. तिच्या काळजीत धुराला जागाच उरली नव्हती.

सहल ठरली ती एका कडीपायी. नागपूरच्या महाल भागातल्या त्या घरात सासू-सासरे, दोन दीर, दोन जावा आणि त्यांची पोरं असा बारदाना होता. शामला-मनोहरच्या खोलीला दार होतं, दाराला कडीही होती, पण कडी लावली रे लावली की बाहेरून कोणीतरी हमखास विचारायचं, “काहून वं, बरं नाई का?” पुष्पी चार वर्षांची झाली, तरी ‘आपण तिघंच’ अशी एक संध्याकाळ काही शामलाच्या वाट्याला आली नव्हती. तिला काश्मीर नको होतं की बंगला नको होता. जिथे कोणी काही विचारणार नाही, अशी एक रात्र हवी होती. बस्स.

मनोहरच्या डोक्यात मात्र समुद्र शिरला होता. त्याच्या ऑफिसातले एक साहेब रत्नागिरीकडे वाळूवर तंबू ठोकून राहून आले होते आणि तेव्हापासून ऑफिसात फायलींपेक्षा लाटाच जास्त हलत होत्या.

“तंबू भेटते आपल्याले, एन.सी.सी.तल्या दोस्ताकडून,” तो म्हणाला. “वाळूवर ठोकायचा. समोर समुद्र. हवाच हवा!”

“आणि भरती आली तर?”

“येईन तशी जाईन.”

“जाताना पुष्पीला घेऊन गेली म्हणजे?”

समुद्र तिथेच ओसरला.

मग जंगल. नागझिऱ्याला वाघ होता. रामटेकला मनोहरची आत्या होती, आणि शामलाच्या हिशेबी ते एकाच पारड्यात बसत होतं. नरखेडकडे सासऱ्यांची संत्र्यांची बाग होती. पण त्या तालुक्यात संत्र्यांच्या खालोखाल जर काही पिकत असेल तर ते नातेवाईक. शेवटी देवलापारच्या अलीकडे, सडकेपासून आत, चिचखेड्याचा तलाव सापडला. मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेला तलाव. काठावर चिंचेचं झाड, पलीकडे साग.

“घे, किनारा बी झाला अन् जंगल बी झालं,” मनोहर म्हणाला.

शामलाने विचारलं, पाणी किती खोल आहे, जनावर येतं का, आणि तिथे आपलं कोणी राहतं का. शेवटच्या प्रश्नाला “कोणी नाई” असं उत्तर आल्यावर पहिल्या दोन प्रश्नांचा तिने फारसा आग्रह धरला नाही.

पौषातल्या एका सकाळी तिघं एस.टी.तून उतरली. पुढे कवडू नावाच्या माणसाची बैलबंडी मिळाली. सामान चढवताना कवडूने तंबू पाहिला, कणकेची पिशवी पाहिली, वांगी पाहिली आणि पोत्यातल्या गोवऱ्याही पाहिल्या.

“पावने कोनाकडं म्हनायचे?”

“कोणाकडेच नाही,” शामला आनंदाने म्हणाली.

कवडूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बैलांकडे पाहिलं, आणि बंडी हाकली. त्यांना उतरवून तो परत निघाला तेव्हा बैल आले त्यापेक्षा दुप्पट वेगाने पळत होते.

तंबू उभा राहिला. म्हणजे एका बाजूने राहिला आणि दुसऱ्या बाजूने बसला. चिंचेखाली कुणीतरी आधीच दगड मांडून ठेवले होते, ते काळवंडलेलेही होते. शेजारी एका गोल धोंड्याला शेंदूर फासलेला होता. मनोहर खूश झाला. “पाय, चूल बी तयार!” कॅम्पवर जेवण एकच, असं त्याचं मत होतं: रोडगे. कणकेचे जाड गोळे वळायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात टाकायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. लाटणं नको, तवा नको.

गोवऱ्या पेटल्या. वारा पडलेला होता. धूर सरळ वर गेला आणि चिंचेच्याही वर जाऊन सगळ्या शिवाराला दिसेल असा थांबला. शामला सतरंजीवर टेकली. पुष्पी चिंचा वेचत होती. पाण्यावर एक बगळा उभा होता, तोही काही विचारत नव्हता. शामलाने डोळे मिटले.

“राम राम.”

तिने डोळे उघडले. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा समोर मांडी घालून बसला होता. त्याने आपलं नाव रामाजी असल्याचं सांगितलं आणि विचारलं, “कनकीत मोहन टाकलं का?”

“टाकलं,” मनोहर म्हणाला.

“झ्याक केलं.” आणि रामाजी बसून राहिला.

थोड्या वेळाने दोन बाया आल्या, मग एक लेकुरवाळी, मग कवडू आणि त्याच्यामागे त्याची सगळी आळी. कोणी काही मागत नव्हतं. येत होते, शेंदराच्या धोंड्याला हात जोडत होते आणि रांगेने बसत होते. तेव्हा कुठे शामलाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या मुलखात देवापुढे रोडगे लागले की तो नवसाचा स्वयंपाक. त्याचं आमंत्रण कोणी देत नाही. धूर हेच आमंत्रण. आणि आलेल्याला उठवणं म्हणजे देवाला उठवणं.

“आजोबा, काहीतरी घोटाळा होतोय,” ती म्हणाली. “आम्ही इथे नुसते राहायला आलोय.”

“राहायले? झाडाखाली?”

“हो.”

“नागपूरले घर नाई का तुमाले?”

“आहे ना. महालात.”

“छप्पर गयते का?”

“नाही हो, चांगलं आहे.”

“मंग चांगलं घर सोडून झाडाखाली काहून झोपून राहिले, बाई?”

शामलाने तोंड उघडलं. पण ‘कॅम्पिंग’ला चिचखेड्यात शब्द नव्हता, आणि खरं सांगायचं तर महालातही नव्हता. ती अडखळली, आणि बायांनी त्या अडखळण्याचा अर्थ लावून टाकला.

“घरच्याइनं काहाडून देल्लं वाट्टे.”

“सासू खराब असन, माय. दुसरं काय असते?”

“अन् लेकरू पाय ना केवढंसं हाये!” लेकुरवाळीने पुष्पीला मांडीवर ओढलं आणि पदर डोळ्याला लावला. पुष्पीने संधी साधून तिच्या पोराच्या हातातला गूळ घेतला.

रामाजीने मिशीवरून हात फिरवला. “बाई, तुमी काई चिंता करू नोका. उद्या सकायी मी येतो तुमच्यासंग नागपूरले. कवडू बी येते. तुमच्या बुढ्याले मी समजावून सांगतो. म्हनतो, झालं गेलं इसरा, सुनेले घरात घ्या.”

शामलाच्या डोळ्यांपुढे महालातली गल्ली उभी राहिली. भर सकाळ. ओट्यावर सासरे चंपतराव पेपर वाचत आहेत. समोर रामाजी आणि कवडू हात जोडून उभे, आणि रामाजी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो आहे, ‘सुनेले घरात घ्या.’ समोरच्या खिडक्या उघडतात. सासूबाई बाहेर येतात.

“नवस!” शामला ओरडली. “नवस आहे! नवस फेडायला आलोय!”

मनोहरच्या हातातला रोडगा निखाऱ्यात पडला.

“मंग असं सांगा ना वं, बाई!” सगळ्या पंगतीने एकदम श्वास सोडला. “लाजता काहून? जाय, कवडू, गावात सांग, नवसच हाये म्हनाव!” कवडू पळाला. आतापर्यंत जे शंकेपायी आले नव्हते, तेही आता यायला मोकळे झाले.

“कायचा नवस व्हता?” रामाजीने पुढचा प्रश्न टाकला.

एक खोटं बोलून शामलाचा साठा संपला होता. तोंडातून खरंच निघालं. “निवांतपणाचा.”

सगळ्या पंगतीने रामाजीकडे पाहिलं.

“पोराचा नवस आयकला,” रामाजी विचार करत म्हणाला. “बैलाचा आयकला. कोर्टातल्या केसचा बी आयकला. हा नाई आयकला, बाप्पा.”

“मंग भेटला का निवांतपना?” एका म्हातारीने फार आस्थेने विचारलं.

शामलाने सभोवार पाहिलं. तंबूत चार बाया कापड चाचपत होत्या. तिच्या पायावर कुणाचं तरी तान्हं झोपलं होतं. मनोहरला कणीक कशी मळायची ते तिघं जण एकदम शिकवत होते. बगळा केव्हाच निघून गेला होता.

“भेटून राहिलाय,” ती म्हणाली.

खरी पंचाईत कणकेची होती. पिशवीत तिघांपुरती, पंगत तलावाच्या पाळीपर्यंत पोचलेली. मनोहर हळूच म्हणाला, “आता?” नवऱ्याच्या तोंडून तो शब्द तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. ती उत्तर शोधत असतानाच पाळीवरून घुंगरांचा आवाज आला आणि त्याच्याही वर एक ओळखीचा आवाज.

“मनोहर! रोडगे जयून राहिले ना बाप्पा! फिरव त्याइले!”

बंडीतून सासूबाई उतरल्या. त्यांच्यामागे चंपतराव, दोन्ही जावा, पोरं, वरण शिजवायचा एक मोठा गंज, डाळ आणि कणकेचं पोतं.

“मले घरी चैनच पडे ना,” सासूबाई पदर खोचत म्हणाल्या. “म्या याइले म्हटलं, हा पोट्टा चूल पेटवल्याबिगर राहत नाई. लोक येऊन बसतीन, अन् वाढाले काई नसन. दुपारची गाडी धरली अन् निंगालो.”

रामाजीने शामलाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं. “ह्या सासूबाई होय?” सासू खराब असन म्हणणारी बाई पदराआड गेली आणि पंगत उठेपर्यंत बाहेर आली नाही.

सासूबाईंनी चूल ताब्यात घेतली. कणीक मळताना त्यांनी सहज विचारलं, “अन् गावात आयकलं, नवस हाये म्हने. कायचा नवस बोलली वं तू?”

घरच्यांपासून जे झाकलं, ते आता उघडं पडणार होतं. तिने मनोहरकडे पाहिलं. मनोहर अचानक फार दूरच्या गोवऱ्या आणायला गेला. उत्तर रामाजीनेच दिलं. “निवांतपनाचा बोलल्या बाई. घरात भेटत नाई म्हने.”

‘घरात भेटत नाई’ हे रामाजीने पदरचं घातलं होतं, पण ते इतकं खरं होतं की शामलाला नाही म्हणता येईना.

सासूबाईंचे हात कणकेत थांबले. त्यांनी त्या शेंदराच्या धोंड्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “पयले सांगाचं ना, पोरी. म्या बी बोलली असती.”

आणि त्यांनी कणकेचा गोळा असा काही थापटला की पुढे कोणी काही विचारलं नाही.

त्या रात्री तंबूत सासूबाई, जावा आणि पोरं झोपली. शामलाचं डोकं आत मावलं, पाय बाहेर राहिले. सकाळी निघताना रामाजीने सांगितलं की या देवाचा नवस एकदा फेडून भागत नाही, दर पौषात स्वयंपाक घालावा लागतो. मनोहर काही कबूल करायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, “ते माह्याकडं लागलं. याइले दोघाइले चूल बी पेटवता येत नाई.”

पुढच्या पौषात सगळं घर गंज घेऊन चिचखेड्याला निघालं. पुष्पीला नेमका खोकला झाला होता, म्हणून ही तिघं मागे राहिली. रिक्षांचा गलबला गल्लीच्या टोकाशी विरला आणि शामलाने मागे वळून पाहिलं. घरात कोणी नव्हतं. तिने स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, माडीवर जाऊन पाहिलं. कोणीच नव्हतं. मनोहरने अंगणात गंगाळ भरलं, त्यात पाय बुडवले आणि म्हणाला, “ये, हा आपला समुद्र.” पुष्पीने त्यात कागदाची नाव सोडली. दोन दिवस शामलाला कोणी काही विचारलं नाही. देव पावला होता.

मात्र तो एकट्या शामलालाच पावून थांबला नाही. चिचखेड्याच्या बायांनी ऐकलं होतंच. एकीने नवस केला, तिची सासू लेकीकडे महिनाभर राहायला गेली. दुसरीने केला, तिच्या नवऱ्याची भंडाऱ्याला बदली झाली. मग देवलापारच्या बाया आल्या, रामटेकच्या आल्या. धोंड्यावर टिनाचं छप्पर आलं, त्याला ‘निवांतबाबा’ नाव पडलं. आता पौषात तिथे मोठी जत्रा भरते. जादा एस.टी. गाड्या सुटतात, पाळणे फिरतात, चिंचेच्या चारी बाजूंनी भोंगे लावलेले असतात आणि त्यांच्यावरून रामाजी दिवसभर ओरडत असतो, “शांततेनं घ्या! निवांतबाबाच्या भक्तांनी शांततेनं घ्या!” सासूबाईंचा तिथे मोठा मान आहे. त्या जाताना सगळं घर नेतात. पुष्पीला दर पौषात खोकला होतो. डॉक्टरांनी त्याचं कारण शोधणं सोडून दिलं आहे.

हे सगळं शामलाच्या पथ्यावर पडलं आहे, पण एक गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली आहे. त्या संध्याकाळपर्यंत त्या मुलखात ज्याला खरोखर निवांतपणा होता, असा तो शेंदराचा देव एकटाच होता. त्याचाच निवांतपणा तिने मागितला, आणि त्याने दिला. तिला स्वतःला जाता येत नाही. गेली तर घर रिकामं कसं राहणार? म्हणून तिचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कधी देवलापारकडे गेलात, तर चिचखेड्याला उतरा. नारळ नको, नवस तर मुळीच नको. भोंगे जरा थांबले की छपराखाली वाका आणि हळूच विचारा, “बाबा, तुमची झोप होते ना?”

आणि तो काय म्हणाला, ते महालात येऊन सांगा. शक्यतो पौष सोडून.